डेकवरचे सामान घरच्या घरी: १:२० मापाच्या मासेमारी नौकेसाठी

बोटीची प्रतिकृती करणाऱ्या नवख्या माणसाची पहिली दमछाक बॉडी घडवताना होते आणि दुसरी डेकवरच्या सामानापाशी. बॉडी तयार झाली, पाण्यावर नीट तरंगली, मोटर आणि पंखा बसला, आता नांगर, कठडा, कप्प्या, दिवे, खुंटे आणि दोर एवढेच राहिले असे वाटते. मग तयार सामानाच्या किमती पाहिल्यावर लक्षात येते की या उरलेल्या ‘एवढ्याशा’ गोष्टींना बोटीच्या सगळ्या लाकडापेक्षा जास्त पैसे पडणार आहेत. शिवाय असे तयार सामान बहुधा युरोपातल्या टगबोटींसाठी किंवा जुन्या शिडाच्या जहाजांसाठी केलेले असते. हर्णे बंदरात किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दिसणाऱ्या ट्रॉलरवरचा चार फाळांचा नांगर आणि कडेला लोंबणारे जुने टायर त्यात कुठून मिळणार? म्हणून हा लेख कोकणातल्या मासेमारी ट्रॉलरला समोर ठेवून लिहिला आहे. दुसऱ्या कोणत्याही बोटीला रीत तीच लागू पडते, आकडे मात्र आपापले काढावे लागतात.

माप आधी, वस्तू नंतर

घरगुती सामान स्वस्त पडते ते भंगारामुळे, पण ते चांगले दिसते ते मापामुळे. नवख्याची नेहमीची चूक अशी की घरात एखादी छान गोल, चकचकीत वस्तू सापडते आणि ती बोटीवर कुठे बसेल याचा शोध सुरू होतो. क्रम याच्या उलट हवा. बोटीवर काय हवे आणि ते किती मिलिमीटरचे हवे हे वहीत लिहून झाल्यावरच घरातले डबे उघडावेत.

मी १:२० हे प्रमाण सुचवतो, कारण १५ मीटरचा ट्रॉलर त्यात ७५ सेंटीमीटरचा होतो, जो खांद्याला अडकवून तळ्यापर्यंत नेता येतो. दुसरे कारण म्हणजे यातला हिशेब तोंडी होतो. खऱ्या वस्तूचे सेंटीमीटर निम्मे करावेत आणि त्यांनाच मिलिमीटर म्हणावे: ९० सेंटीमीटर उंचीचा कठडा ४५ मिलिमीटर, १७० सेंटीमीटर उंचीचा खलाशी ८५ मिलिमीटर. वजनाचा हिशेबही असाच सोपा आहे. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही २० पट कमी झाल्याने वजन ८,००० पट कमी होते, म्हणून खऱ्या किलोंना ८ ने भागले की ग्रॅम मिळतात. ३० किलोंचा नांगर प्रतिकृतीत ४ ग्रॅमही भरायला नको. हे दोन भागाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

खरी मापे घेण्यासाठी जून-जुलैमधल्या मासेमारी बंदीच्या आगेमागेचे दिवस उत्तम असतात. बंदी सुरू होताना बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, पण अजून झापांनी किंवा प्लॅस्टिकने शाकारलेल्या नसतात. नारळी पौर्णिमेच्या आधी त्या पुन्हा उघड्या पडतात आणि त्यांची रंगरंगोटी सुरू होते. या दोन्ही वेळी बोटीच्या जवळ जाऊन पाहता येते. नाखव्याची परवानगी मात्र आधी घ्यावी. ती बहुधा हसत मिळते, आणि कोणत्या दोराला काय म्हणतात तेही फुकट कळते. छायाचित्र काढताना एक मीटरची काठी, दर १० सेंटीमीटरला रंगाचा पट्टा ओढून, वस्तूशेजारी उभी करावी. काठी नसेल तर लांबी माहीत असलेली छत्रीही चालते. छायाचित्र वस्तूच्या अगदी समोरून आणि थोडे लांबून घ्यावे, कारण जवळून तिरक्या कोनात काढलेल्या छायाचित्रावरून मोजलेली मापे हमखास फसवतात.

हत्यारे आणि कच्चा माल

हत्यारे थोडी लागतात: नोकदार पकड, साधी पकड, लहान हातोडी, सोनार वापरतात तशा बारीक कानशींचा संच, हॅक्सॉचे पान, कटर, बोटांनी फिरवायचे लहान ड्रिल, छोटा शिकंजा, वॉटर पेपर आणि २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न. व्हर्नियर कॅलिपर असेल तर फार बरे. प्लॅस्टिकचा स्वस्त कॅलिपरही या कामाला पुरतो.

कच्च्या मालात तांब्याच्या तारेचा मान पहिला. वायरिंगचे काम चाललेल्या कोणत्याही घरी इलेक्ट्रिशियनकडे वायरचे तुकडे आणि अर्थिंगची उघडी तार उरलेली असते. गेजचे आकडे मनात बसवून घ्यावेत: १४ गेज म्हणजे २.०३ मिलिमीटर, १६ गेज १.६३, १८ गेज १.२२ आणि २० गेज ०.९१. आपल्या प्रमाणात १६ गेजची तार म्हणजे साधारण ३२ मिलिमीटरचा पाइप आणि १८ गेजची तार म्हणजे २४ मिलिमीटरची सळई. बोटीवरचे बहुतेक लोखंडी काम या दोन तारांत भागते.

दुसरा मान जुन्या एटीएम कार्डांचा. ही कार्डे पीव्हीसीची, ०.७६ मिलिमीटर जाड आणि अतिशय सपाट असतात. कटरने दोनदा रेघ ओढून वाकवले की सरळ तुटतात, फेविक्विकने झटकन चिकटतात आणि गरम पाण्यात बुडवले की मऊ होऊन गोलाई धरतात. त्याहून जाड पत्रा हवा असेल तर पाट्या रंगवणाऱ्याकडे ३ आणि ५ मिलिमीटरच्या सनबोर्डची, म्हणजे हलक्या प्लॅस्टिक फलकाची, कातरणे मिळतात. याखेरीज आइस्क्रीमच्या काड्या, अगरबत्तीच्या काड्या, टूथपिक, टिचबटणे, मणी, आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणे, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि खराट्याच्या हिरा जमवाव्यात. खराट्याची हीर हे कोकणाचे खास दान आहे. ती मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळती असते, त्यामुळे वायरलेसच्या अँटेनासाठी किंवा निशाणाच्या काठीसाठी तासण्याची गरजच उरत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारल्यास मोडकी खेळणी आणि जुन्या रेडिओचे भाग मिळतात, पण वहीतली यादी खिशात नसेल तर तिथून भलतेच काहीतरी घेऊन परतण्याचा धोका असतो.

नांगर

सुरुवात नांगरापासून करावी, कारण तो तासाभरात होतो आणि हाताला तारेची सवय लागते. खरा नांगर चार सळया एकत्र बांधून, त्यांची खालची टोके चार दिशांना वळवून केलेला असतो. आपणही तेच करायचे. असा नांगर १ मीटर उंचीचा धरला तर आपल्याला ५० मिलिमीटर मिळतात.

१८ गेजच्या तारेचे तीन तुकडे ८० मिलिमीटरचे आणि एक तुकडा ९५ मिलिमीटरचा कापावा. त्याआधी तार सरळ करून घ्यावी, आणि तिचीही एक युक्ती आहे: तारेचे एक टोक शिकंज्यात घट्ट धरावे, दुसरे पकडीत धरून अंगाचा भार मागे टाकत ओढावे. एका क्षणी तार किंचित लांबल्याचे हाताला जाणवते, अगदी लोण्यात सुरी शिरावी तसे, आणि लगेच थांबावे. सगळे पोचे जाऊन तार ताठ होते, आणि ताणल्यामुळे आधीपेक्षा कडकही होते. डोळ्यांवर चष्मा असू द्यावा, कारण तार तुटली तर फटकारा बसतो.

चारही तुकडे कापडाच्या घडीसारखे जुळवून, खालची टोके समपातळीत आणून, जुन्या वायरमधल्या केसासारख्या बारीक तारेने दोन ठिकाणी बांधावेत: एक बांध खालच्या टोकापासून ३२ मिलिमीटरवर आणि दुसरा वरच्या टोकाजवळ. दोन बांधांमधल्या भागावर वॉटर पेपर फिरवून, सोल्डरिंग पेस्ट लावून, आयर्नचे टोक खालून टेकवावे आणि सोल्डर वरून द्यावे. तार पुरेशी तापली की सोल्डर आपोआप फटींत ओढले जाते. ते गोळ्यासारखे वर बसून राहिले तर तार थंड आहे असे समजावे आणि आणखी सोल्डर न देता थांबावे. आता खालचे चार फाटे नोकदार पकडीने चार दिशांना उघडावेत, मग अगरबत्तीच्या पुड्यातली गोल नळी किंवा जाड पेन्सिल आधाराला घेऊन वरच्या बाजूस वळवावेत. प्रत्येक टोक हातोडीच्या तीन-चार हलक्या ठोक्यांनी चपटे करून कानशीने भाल्यासारखे निमुळते केले की फाळ तयार झाला. वरचा जो तुकडा १५ मिलिमीटर जास्त ठेवला होता त्याचा डोळा वळवावा आणि त्यात २० गेजच्या तारेची कडी अडकवावी.

असा नांगर मी स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर तोलला तेव्हा तो साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरला, म्हणजे आठच्या भागाकाराने २८ किलो. बंदरावर दिसणाऱ्या नांगराच्या इतके जवळ वजन आल्याचे पाहून जो आनंद झाला तो बोट तरंगल्याच्या आनंदाहून थोडाच कमी होता.

कठडा

कठडा हा नवख्याला सर्वांत जास्त रडवणारा भाग आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. माझा पहिला कठडा सायकलच्या तारांचा होता. तारा २ मिलिमीटरच्या, म्हणजे खऱ्या बोटीवर ४ सेंटीमीटरच्या, आणि खांब जवळजवळ लावलेले. बोट तुरुंगाच्या खिडकीसारखी दिसू लागली. खांब आणि वरचा दांडा १६ गेजचे आणि मधला दांडा १८ गेजचा, एवढे पुरते. खऱ्या बोटीवर खांबांत १२० सेंटीमीटर अंतर असेल तर आपल्याकडे ते ६० मिलिमीटर येते.

कठडा हवेत धरून सोल्डर करू नये. प्लायवुडच्या तुकड्यावर कठड्याचे पूर्ण मापाचे चित्र चिकटवावे आणि प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना बारीक चुका ठोकून त्याला खाच करावी. खांब या खाचांत आडवे निजवावेत, वरचा दांडा त्यांच्या डोक्यांवर टेकवावा आणि मधला दांडा आतल्या बाजूने खांबांना चिकटून ठेवावा. पुस्तकी रीत म्हणजे खांबात भोक पाडून दांडा ओवणे. पण दीड मिलिमीटरच्या तारेत सव्वा मिलिमीटरचे भोक पाडण्याच्या नादात नवखा माणूस चार खांब मोडतो आणि छंदच सोडतो. हातभर अंतरावरून चिकटवलेला आणि ओवलेला दांडा सारखाच दिसतो. खांब मात्र खाली १० मिलिमीटर जास्त लांब ठेवावेत, तो भाग डेकच्या भोकात जाणार आहे.

सोल्डर करताना खरी अडचण अशी येते की एक सांधा तापवला की शेजारचा आधी केलेला सांधा वितळून सुटतो, कारण तांबे उष्णता झपाट्याने पुढे नेते आणि ६०/४० (कथील-शिसे) सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आतच पातळ होते. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, सांधे ओळीने न करता एकाआड एक करावेत. दुसरा, झालेल्या सांध्याभोवती ओल्या कापसाचा बोळा गुंडाळावा, म्हणजे उष्णता तिथे पोचली तरी पाण्यात विरते. तरीही वेळ लागतो म्हणून आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवण्याचा मोह आवरावा. टोक स्वच्छ आणि कल्हई केल्यासारखे चकचकीत असेल तर दोन सेकंद पुरतात, टोक काळे पडले असेल तर दोन मिनिटेही पुरत नाहीत. काम झाल्यावर कठडा साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने घासावा. पेस्ट तशीच राहिली तर पंधरा दिवसांत रंगाखालून हिरवा डाग वर येतो. सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी, काम करताना काही खाऊ नये आणि नंतर हात धुवावेत.

खुंटे आणि कप्प्या

दोर बांधायचे खुंटे लाकडी असतात आणि ते लाकडाचेच करावेत. सुताराकडून सागाची ८ मिलिमीटर चौरस पट्टी घ्यावी, ३० मिलिमीटर डेकवर राहील आणि १० मिलिमीटर आत जाईल असा तुकडा कापावा, डोक्याच्या कडा मोडाव्यात आणि वरून एक तृतीयांश उंचीवर आडवे भोक पाडून १८ गेजची तार दोन्हीकडे ८ मिलिमीटर बाहेर राहील अशी बसवावी. आत जाणारा भाग कानशीने गोल करावा, म्हणजे डेकमधले गोल भोक त्याला पुरते.

मागच्या कमानीवरून जाळ्याची तार ज्या मोठ्या लोखंडी कप्प्यांतून जाते त्यांच्यासाठी कार्यालयातले भोक पाडायचे पंच कामी येते. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून पंचने पाडलेल्या साधारण ६ मिलिमीटर व्यासाच्या गोल टिकल्या प्रत्येक चाकासाठी तीन घ्याव्यात, त्यांतली मधली टिकली कानशीने थोडी लहान करावी आणि तिन्ही एकावर एक चिकटवाव्यात. मधली लहान असल्यामुळे कडेला दोर बसायची खोबण आपोआप तयार होते. बाहेरच्या दोन भिंती एटीएम कार्डाच्या, ८ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना गोल. टाचणी आरपार घालून, मागे कापून, टोकाला फेविक्विकचा थेंब. थेंब चाकावर ओघळला की कप्पी कायमची मुकी होते, म्हणून तो टाचणीच्या टोकानेच द्यावा.

खिडक्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. केबिनच्या चौकोनी खिडक्यांना एटीएम कार्डाची चौकट आणि आतून पारदर्शक प्लॅस्टिक, आणि गोल खिडकी हवीच असेल तर फ्लेक्सचे फलक लावणाऱ्यांकडची पितळी आयलेट.

टायर, रिंग, बोये आणि जाळे

लहान चारचाकीच्या १४५/७० आर १२ या टायरचा व्यास त्यावरच्याच आकड्यांवरून निघतो. १२ इंचांची रिम म्हणजे ३०५ मिलिमीटर, त्यात १४५ च्या ७० टक्क्यांची दुप्पट, म्हणजे २०३, मिळवली की ५०८ मिलिमीटर होतात, आणि २० ने भागले की २५. म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ७ मिलिमीटर रुंदीचे रबरी टायर हवे. मोडक्या खेळण्यातल्या गाडीचे असे टायर सहज मिळते, आणि त्याच्यावर खऱ्यासारखी नक्षीही असते. ते वॉटर पेपरने घासून त्याची चकाकी मारावी, कारण बंदरावर नवे कोरे टायर कोणी लटकवत नाही.

जीवरक्षक रिंग साधारण ७६ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणजे आपली ३८ मिलिमीटर. मत्स्यालयात हवा सोडायची ६ मिलिमीटर जाडीची नळी बरोबर १०० मिलिमीटर कापावी, काडेपेटीच्या काडीचा दोन सेंटीमीटरचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून तिच्या दोन्ही तोंडांत निम्मा-निम्मा घालावा आणि फेविक्विकने सांधावे. व्यास नेमका येतो. केशरी रंग, चार ठिकाणी पांढऱ्या कागदी पट्ट्या आणि कडेने बारीक दोरा, एवढ्यावर ती रिंग पूर्ण होते.

जाळ्यावरचे २० सेंटीमीटरचे बोये म्हणजे १० मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे मणी. जाळ्यासाठी मच्छरदाणीची किंवा ओढणीची बारीक जाळी घ्यावी. खऱ्या जाळ्याचा ४ सेंटीमीटरचा डोळा आपल्याकडे २ मिलिमीटरचा होतो, हे मोजून मगच कापड फाडावे. लसणाच्या पिशवीची जाळी स्वस्त असते खरी, पण तिचे डोळे या प्रमाणात पाण्याच्या पिंपाइतके मोठे दिसतात. हिरवे किंवा निळे कापड मिळाले तर उत्तम, कारण आजची जाळी आणि दोर नायलॉन व पॉलिप्रॉपिलीनचे रंगीतच असतात. चहाच्या पाण्यात रंगवलेला पिवळसर सुती दोर शिडाच्या जुन्या गलबताला शोभेल, ट्रॉलरला नाही.

दोर घरीच वळावा. पॉलिस्टरचा रंगीत शिलाईचा दोरा तीन पदरी, दोन मीटर लांब घेऊन एक टोक खिळ्याला आणि दुसरे हातड्रिलच्या चकमध्ये धरावे आणि दोरा आखडू लागेपर्यंत पीळ द्यावा. मग मध्यभागी बोट धरून तो दुमडावा आणि दोन्ही टोके एकत्र आणून बोट सोडावे. दोर स्वतःच गरगर फिरून वळला जातो. अंगावर उठलेले तंतू न पेटवलेल्या मेणबत्तीवरून एकदा ओढून बसवावेत. १ मिलिमीटर जाडीचा हा दोर खऱ्या २ सेंटीमीटरच्या दोरासारखा दिसतो. वेटोळे घालताना तो पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात भिजवून घ्यावा, नाहीतर नवा दोर स्प्रिंगसारखा उभा राहतो आणि लगेच नकली दिसतो.

दिवे

दिव्यांचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत आणि ते चुकवू नयेत, कारण बंदरावरचा कोणताही पोरगा बोटीकडे पाहताच ती चूक दाखवेल. पुढे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा, आणि प्रत्येकाचा प्रकाश नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, बाजूच्या थोडा मागेपर्यंत, ११२.५ अंशांत, पडतो. मागचा पांढरा दिवा १३५ अंशांत दिसतो. ट्रॉल जाळे ओढणाऱ्या नौकेवर आणखी दोन चहूबाजूंनी दिसणारे दिवे एकावर एक असतात, वर हिरवा आणि खाली पांढरा. इतर जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्या नौकेवर वरचा दिवा लाल असतो.

बाजूच्या दिव्यांसाठी ३ मिलिमीटरचे एलईडी आणि मागे एटीएम कार्डाचा काटकोनी आडोसा पुरतो. प्रकाश आडोशाने अडवून कोन साधावा, रंगाच्या थरांनी नाही. वरच्या दिव्यांना गोळ्यांच्या पाकिटातला पारदर्शक घुमट काच म्हणून बसतो. ६ व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येक एलईडीबरोबर ४७० ओमचा रेझिस्टर जोडावा. यापेक्षा कमी ओमचा लावला तर दिवे मिणमिणण्याऐवजी लग्नाच्या मांडवासारखे झगमगतात.

एकसारख्या पुष्कळ वस्तू: साचा

कठड्यालगत दोर अडकवायची शिंगासारखी क्लीट आठ-दहा लागतात, आणि दहाही हाताने कोरली तर एकही दुसरीसारखी होत नाही. अशा वेळी एकच मूळ वस्तू जीव ओतून करावी आणि तिचा साचा घ्यावा. दुकानात मिळणारे साच्याचे रबर महाग असते. खिडकीच्या फटी भरायच्या, आंबट वासाच्या सिलिकॉन सीलंटमध्ये जवळजवळ तेवढाच कॉर्नफ्लोअर कालवला तर कणकेसारखा गोळा होतो आणि साच्याला चांगला चालतो. हातमोजे घालावेत आणि काम बाल्कनीत करावे, कारण व्हिनेगरचा तो वास घरभर राहतो. मूळ वस्तूला पुसटसे व्हॅसलीन लावून ती सपाट काचेवर ठेवावी, गोळा तिच्यावर दाबावा आणि तासाभराने सोलून काढावा.

साच्यात भरायला एम-सील उत्तम. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावेत, बोट ओले करून साच्याच्या कोपऱ्यांत दाबावेत, जास्तीचे ओल्या पट्टीने कापावे आणि रात्रभर सोडावे. क्लीटच्या बुडात एम-सील ओले असतानाच तारेचा छोटा तुकडा खोचावा. एकदा हात बसला की याच रीतीने १२ मिलिमीटरच्या बांगड्यांचाही साचा होतो, आणि ३० बाय २० मिलिमीटरच्या क्रेटमध्ये पंधरा-वीस बांगडे पसरले की बोट कामावरून नुकतीच परतल्यासारखी दिसते. क्रेट स्वतः डब्याच्या झाकणाच्या प्लॅस्टिकमधून, कडांवर अर्धवट रेघ ओढून, खोक्यासारखे दुमडावे.

धातू ओतायचा विचार मात्र मनात आणू नये. जुन्या बॅटरीतले किंवा वजनांचे शिसे घरच्या गॅसवर वितळवणे स्वतःच्या आणि घरातल्या मुलांच्या फुप्फुसांशी खेळ आहे.

रंग

तांब्याची प्रत्येक वस्तू व्हिनेगर आणि मिठाने चोळून, धुऊन, वाळवून मगच मेटल प्रायमरचा पातळ हात द्यावा. प्रायमरशिवाय रंग पहिल्या धक्क्यात पापुद्र्यासारखा निघतो. लाकडी वस्तूंना सँडिंग सीलरचे दोन हात, भोकाच्या आत जाणाऱ्या भागासकट. रंग छोट्या डब्यांतल्या एनॅमलचा घ्यावा आणि दोन पातळ हातांत द्यावा, कारण या आकारात एक जाड हात म्हणजे खऱ्या बोटीवर बोटभर लिंपण. कोकणातल्या बोटी भडक असतात. निळा, केशरी, हिरवा, पिवळा असे रंग शेजारी शेजारी असले तरी घाबरू नये. नाळेवरचे बोटीचे नाव आणि ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मात्र सरळ आणि वाचता येईल असा लिहावा.

नांगर आणि कमान यांच्यावर गंज हवा. त्यासाठी कुंडीला लावतो तो गेरू वस्त्रगाळ करून, रंग पूर्ण वाळण्याच्या थोडा आधी जुन्या ब्रशने सांध्यांत आणि कोपऱ्यांत झटकावा, आणि वाळल्यावर वरून मॅट वॉर्निश द्यावे. गंज पाणी साचते तिथे येतो, सपाट उघड्या जागी नाही. एवढे लक्षात ठेवले तर थोडा गेरू पुरतो.

बसवणे आणि तोलणे

माझ्या पहिल्या बोटीचे सगळे खुंटे मी साध्या पांढऱ्या गोंदाने नुसते डेकवर चिकटवले होते. तळ्यात दहा मिनिटे फिरल्यावर ती टोकाला लागली आणि ओढून घ्यायला दोर खेचला, तेव्हा हातात दोर आणि त्याच्या टोकाला खुंटा आला, बोट तिथेच राहिली. तेव्हापासून माझ्याकडे डेकवरची प्रत्येक वस्तू तारेच्या किंवा लाकडाच्या शेंड्यावर, म्हणजे डेकच्या भोकात जाणाऱ्या खुंटीवर, बसते, आणि चिकटवायला अरल्डाइटसारखे दोन भागांचे इपॉक्सी असते. भोक शेंड्यापेक्षा केसभर मोठे पाडावे, आत इपॉक्सी द्यावे, वस्तू दाबून बसवावी आणि बाहेर आलेला थेंब स्पिरिटच्या फडक्याने लगेच पुसावा.

चिकटवण्याआधी मात्र सगळे सामान एका ताटात ठेवून तोलावे. ट्रॉलरचे वजन २४ टन धरले तर प्रतिकृती ३ किलोंची होते, आणि त्यात डेकच्या वर बसणाऱ्या सामानाचा वाटा जितका कमी तितके बरे. डोलकाठीच्या टोकावरचे २० ग्रॅम डेकवरच्या १०० ग्रॅमपेक्षा जास्त त्रास देतात, म्हणून वरच्या वस्तू प्लॅस्टिकच्या आणि खालच्या तांब्याच्या असाव्यात. मग सामान डेकवर नुसते मांडून, चिकटपट्टीने अडकवून, बोट पाण्याच्या टाकीत सोडावी, एका बाजूची कड बोटाने पाण्याच्या पातळीपर्यंत दाबावी आणि सोडून द्यावी. बोट झटकन उभी राहून एक-दोन हेलकाव्यांत थांबली तर इपॉक्सी कालवायला हरकत नाही. ती सावकाश, विचार करत उठली तर डोलकाठीवरचे काहीतरी उतरवावे, किंवा तळाशी आणखी भार घालून पाण्याची रेषा पुन्हा तपासावी, आणि तोवर एकही वस्तू चिकटवू नये.